बॅटरी मध्येच गेली आणि २,१४० फोटो अडकले: एका जुन्या कॅमेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या व्यक्ती जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका आहेत. ओळख उघड होऊ नये म्हणून नाव देत नाही. सगळे त्यांना बाई म्हणतात, इथेही तेच म्हणू.

गेली सहा वर्षं बाई गॅलरीतल्या कुंड्यांवर येणाऱ्या अळ्या, कोष आणि फुलपाखरं यांचे फोटो काढत होत्या. कॅमेरा खिशात मावेल एवढा, बारा वर्षांचा. आत ८ जीबीचं एसडीएचसी प्रकारचं मेमरी कार्ड. फोटो बघायचे ते कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर. संगणकावर घ्यायची वेळ कधी आली नाही, कारण कार्डात जागा होती.

कॅमेऱ्यात दर महिन्याला नवीन फोल्डर उघडण्याची सोय चालू होती, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात ‘११७-००३३’ असा जोडक्रमांक दिसायचा: आधी फोल्डर, मग फोटो. बाई तो वहीत उतरवायच्या. तारीख, वेळ, क्रमांक आणि एका ओळीत काय दिसलं ते. सहा वर्षांत ६१ फोल्डर झाले, १०० ते १६०. कार्ड भरल्याचा निरोप पडद्यावर आला त्या दिवशी वहीत नोंद आहे: ‘जागा संपली. एकूण २१४०.’ हा आकडा त्यांनी सवयीनं लिहून ठेवला. पुढे आमचा सगळा हिशोब त्याच्यावरच उभा राहिला.

काय घडलं

कार्ड रिकामं करायचं म्हणून बाईंनी शेजारच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला बोलावलं. कॅमेऱ्यासोबत आलेली केबल सापडेना. ड्रॉवरमध्ये मिनी यूएसबी टोकाची एक केबल मिळाली. ती लावली तर संगणकाला काही पत्ताच नाही.

बहुतेकांची पहिली अडखळण इथेच होते. साध्या यूएसबी २.० केबलीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलीत माहितीच्या दोन तारा नसतात किंवा जोडलेल्या नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. मुलानं घरून दुसरी केबल आणली आणि या वेळी कॅमेरा चालू करून लावला. संगणकानं आवाज केला, नवीन ड्राइव्ह दिसला, आत डीसीआयएम नावाचा, कॅमेरा फोटो ठेवतो तो फोल्डर, आणि त्यात ६१ फोल्डर.

ड्राइव्ह म्हणून दिसला, याला महत्त्व आहे. कॅमेरे संगणकाशी दोन रीतींनी बोलतात. एक पीटीपी. यात कॅमेरा स्वतः मालक राहतो, संगणक त्याच्याकडे फोटो मागतो आणि तो देतो. दुसरी मास स्टोरेज. यात कॅमेरा बाजूला होतो आणि कार्ड पेन ड्राइव्हसारखं थेट संगणकाच्या ताब्यात जातं. फाइलींची यादी मग संगणकच लिहितो. बाईंचा कॅमेरा मेनूत मास स्टोरेजवर ठेवलेला होता.

मुलानं सगळे फोल्डर निवडले, कट केले आणि डेस्कटॉपवरच्या नव्या फोल्डरमध्ये पेस्ट केले. कार्ड रिकामंच करायचं होतं, मग दोनदा काम कशाला, हा त्याचा विचार. बॅटरीचं चिन्ह अर्धं भरलेलं होतं. यूएसबी २.० चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, पण इतका जुना कॅमेरा प्रत्यक्षात सेकंदाला चारेक मेगाबाइटच देत होता. सव्वासात जीबीला अर्धा तास लागला असता. जुन्या बॅटरीचं अर्धं चिन्ह फसवं असतं: भार पडला की ती हळूहळू उतरत नाही, एकदम बसते. आठ-नऊ मिनिटांत पडदा काळा झाला.

डेस्कटॉपवर ६०३ फाइली आल्या होत्या. शेवटची उघडली तर वरचा भाग फोटो आणि खाली सपाट राखाडी. बॅटरी चार्ज करून कॅमेरा लावला तर कॅमेरा म्हणे कार्डात बिघाड, आणि विंडोज म्हणे: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

त्यानं ‘नाही’ दाबलं आणि मला फोन केला. या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा निर्णय हाच होता, आणि तो एका घाबरलेल्या मुलानं घेतला.

फोनवरचा सल्ला

“दादा, फॉरमॅट मागतंय. काही दाबू का?”

काहीही दाबू नकोस, हे मी बरोबर सांगितलं. त्याच्याच पुढच्या वाक्यात चूकही केली: “दुसऱ्या संगणकाला लावून बघ, तिथे दिसतं का.” त्यानं लावलं. तिथेही तोच निरोप आला. नुकसान झालं नाही, पण हा सल्ला मी द्यायला नको होता. विंडोज काढता येणाऱ्या ड्राइव्हवर न विचारता स्वतःचं फोल्डर तयार करू शकतं, मॅक स्वतःच्या लपलेल्या फाइली ठेवतो. ज्या कार्डाची यादी बिघडली आहे, त्याच्यावर लिहिलेला प्रत्येक अक्षरगट एखाद्या फोटोवर पडू शकतो. दिसत नसलेलं कार्ड या संगणकाला, त्या संगणकाला लावत बसणं निरुपद्रवी वाटतं, पण तसं ते नसतं.

अर्ध्या तासानं मी पुन्हा फोन केला. कार्ड बाहेर काढ, कडेची छोटी कळ खाली ‘लॉक’कडे सरकव, आणि कार्ड वहीत ठेवून दे. ती कळ म्हणजे कुलूप नाही, हेही त्याला सांगितलं. कार्डाच्या आतल्या मेमरीला कळीचा पत्ता नसतो. कार्ड रीडर, म्हणजे कार्ड संगणकाला जोडणारं छोटं उपकरण, ती कुठे आहे ते चाचपतो आणि लिहिणं टाळतो. रीडरनं मान दिला नाही तर कळ सरकवून उपयोग शून्य. तरी बहुतेक रीडर मान देतात, म्हणून ती सरकवायची.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलाशी बसून चार वाटा मांडल्या. निर्णय बाईंचाच असायला हवा होता, कारण फोटो त्यांचे.

पहिली वाट: कॅमेरा पुन्हा लावून राहिलेलं काम पुढे चालवणं. कार्ड उघडतच नव्हतं, त्यामुळे ही वाट बंदच होती.

दुसरी: विंडोजच्या दुरुस्तीला परवानगी देणं. ही सर्वांत सोपी आणि म्हणून मोहाची. कधीकधी पाच मिनिटांत सगळं जागेवर येतं. पण ही दुरुस्ती त्याच कार्डावर लिहून होते. ज्या फोटोंचा पत्ता लागत नाही त्यांचे तुकडे ती वेगळ्या नावांच्या फाइलींत भरते किंवा ती जागा मोकळी म्हणून सोडून देते. फसली तर आधीच्या स्थितीला परत जाता येत नाही. बाईंनी विचारलं, “म्हणजे नमुन्यावर प्रयोग करायचा, आणि नमुना एकच?” इतक्या नेमक्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

तिसरी: डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडे कार्ड देणं. ही वाट आम्ही खुली ठेवली आणि तिच्यासाठी एक कसोटी ठरवली. रीडरमध्ये घातल्यावर कार्डाचा आकार बरोबर दिसला, तर कार्डातला नियंत्रक, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारी चिप, जिवंत आहे आणि घरी प्रयत्न करता येईल. आकार शून्य दिसला, चुकीचा दिसला किंवा कार्ड तापू लागलं, तर त्याच क्षणी थांबायचं आणि प्रयोगशाळा गाठायची.

चौथी: कार्डाची जशीच्या तशी संपूर्ण प्रत संगणकावर घ्यायची, कार्ड बाजूला ठेवायचं, आणि जे काही करायचं ते प्रतीवर. वेळ जास्त लागतो, पण चुकायला मुभा मिळते. बाईंनी ही निवडली.

काय केलं

सुरुवातच धक्क्यानं झाली. मुलानं आणलेल्या रीडरमध्ये कार्ड घातलं आणि काहीच दिसलं नाही. आकार नाही, निरोप नाही. कसोटीप्रमाणे थांबायला हवं होतं. बाई काही न बोलता वहीची पानं उलटत बसल्या.

मग रीडर हातात घेऊन उलटा केला. खाली फक्त ‘एसडी’ लिहिलेलं, पुढे ‘एचसी’ नाही. एसडी कार्डं १९९९ मध्ये जाहीर झाली आणि ती २ जीबीपर्यंत. ४ ते ३२ जीबीचा एसडीएचसी प्रकार आला २००६ मध्ये. खाच तीच, आकार तोच, पण त्याआधीच्या रीडरला ही भाषा कळत नाही. कार्ड मेलं म्हणून जी कार्डं टाकून दिली जातात, त्यांतली काही अशाच रीडरमध्ये तपासलेली असतील, असं मला राहून राहून वाटतं. माझ्याजवळच्या नव्या रीडरमध्ये कार्ड घातलं. आकार ७.४ जीबी. कारखाना १००० च्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या, म्हणून ८ चे ७.४. आकडा बरोबर होता. पुढे जायला हरकत नव्हती.

विंडोज टाळलं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली चालू केली, कार्ड आपोआप उघडण्याची सोय बंद केली, आणि डीडीरेस्क्यू या मोफत साधनानं संपूर्ण कार्ड एका फाइलीत उतरवलं. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग घेतं आणि अडणाऱ्या जागांकडे मागाहून वळतं. आठेक मिनिटांत प्रत झाली. एक बारीक पट्टा मात्र काही केल्या वाचता आला नाही. तीनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. जुन्या कार्डाला त्याच जागेवर पुन्हा पुन्हा वाचायला लावलं तर उरलेलंही जाण्याची भीती असते. या प्रतीची आणखी एक प्रत काढली. कार्ड बाहेर काढलं, पुन्हा वहीत ठेवलं, आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही.

आता दुसऱ्या प्रतीवर टेस्टडिस्क हे बिघडलेली मांडणी तपासून दुरुस्त करणारं साधन चालवलं. निदान लगेच आलं: बूट सेक्टर खराब, राखीव बूट सेक्टर ठीक. सेक्टर म्हणजे कार्डावरचा छोटा कप्पा. बूट सेक्टर हा पहिला, त्यात कार्डाची मांडणी लिहिलेली असते. एसडीएचसी कार्डं फॅट३२ पद्धतीनं मांडलेली असतात, आणि फॅट३२ मध्ये पहिल्या सेक्टरची एक नक्कल थोडं पुढे ठेवलेली असते, ती नेमकी अशा वेळेसाठी. लिहिणं चालू असताना वीज गेली की असं का होतं, तेही बाईंना सांगितलं. कार्डातली फ्लॅश मेमरी एकेक अक्षर खोडत नाही. मोठा ठोकळा एकदम पुसते आणि पुन्हा लिहिते. मधेच वीज गेली तर त्या ठोकळ्यातली, आपण हातही न लावलेली माहितीसुद्धा जाऊ शकते.

राखीव नक्कल प्रतीवर बसवली आणि यादी उघडली. ११८ ते १६० हे सगळे फोल्डर नावांसकट जागेवर होते. त्यांत १,५२९ फोटो. ते नव्या ठिकाणी उतरवले. १०० ते ११६ चे ५७४ फोटो डेस्कटॉपवर आधीच धड पोचले होते. अडकलं होतं ते ११७, बॅटरी गेली त्या क्षणी ज्याच्यावर काम चालू होतं तेच. त्याची यादीच खराब झालेली होती.

११७ चा गुंता

वहीप्रमाणे ११७ मध्ये ३७ फोटो. डेस्कटॉपवर ०००१ ते ००२८ चांगले, ००२९ अर्धा राखाडी. म्हणजे नऊ फोटोंचा पत्ता नाही.

यादी नसताना फोटो शोधायचे तर फोटोरेक हे साधन. ते नावं, फोल्डर काही बघत नाही. सगळं कार्ड सुरुवातीपासून वाचत जातं आणि जेपीईजी फाइलीच्या आरंभीची ठरावीक खूण दिसली की तिथून फोटो उचलतं. फाइल पुसली म्हणजे फोटो पुसला, असं फॅट पद्धतीत होत नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं, जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि फोटो तिथेच पडून राहतो, कुणी त्याच्यावर लिहीपर्यंत. बॅटरी गेल्यापासून या कार्डावर नवीन फोटो काढला गेला नव्हता.

फोटोरेकनं २,१३९ फोटो काढून दिले. बाईंनी वहीतल्या २१४० वर बोट ठेवलं. “एक कमी.”

पण नावं गेली होती. फाइलींना ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच नाव. तो आकडा म्हणजे फोटो कार्डावर जिथून सुरू झाला त्या सेक्टरचा क्रमांक. बाईंचं सगळं काम जोडक्रमांकावर टिकलेलं, त्यामुळे नाव नसलेला फोटो त्यांना निम्म्याच कामाचा. इथे फोटोच्या पोटातली माहिती मदतीला आली. कॅमेरा प्रत्येक फोटोत एक्झिफ स्वरूपात काढल्याची तारीख आणि वेळ लिहितो. फाइलीचं नाव बदललं तरी ती आत राहते. फोल्डर महिन्याचा असल्यामुळे त्या महिन्याचे फोटो वेगळे काढले: ३६ निघाले. त्यांतले २८ ओळखीचे. उरलेले आठ एक्झिफमधल्या वेळेनुसार लावले आणि वहीतल्या वेळांशी ताडून पाहिले. मी वेळ वाचायची, बाईंनी क्रमांक सांगायचा, मुलानं नाव द्यायचं.

००२९ पूर्ण मिळाला. कट करताना आधी प्रत होते आणि मग मूळ पुसलं जातं. प्रत अर्ध्यात तुटली होती, मूळ शाबूत होतं. ००३०, ००३१, ००३२, ००३५, ००३६, ००३७ हेही धड मिळाले. ००३३ चा फक्त वरचा भाग आला, आणि ००३४ मिळालाच नाही. न वाचलेला पट्टा नेमका या दोघांच्या सांध्यावर होता: एकाची शेपटी गेली, दुसऱ्याचं डोकं. डोक्यातच ओळखीची खूण असते, म्हणून दुसरा फोटोरेकला दिसलाही नाही.

निष्पत्ती

२,१४० पैकी २,१३८ फोटो पूर्ण, एक अर्धा, एक गेला.

गेलेल्या फोटोची वहीतली नोंद अशी: ‘११७-००३४. ७.१८. पंख अजून पसरले नाहीत, लोंबते आहे.’ त्याच्या आधीची: ‘११७-००३३. ७.१०. कोष फुटला, पंख ओले.’ सहा वर्षांत कोष फुटतानाचा क्षण बाईंना तेवढ्या एकदाच सापडला होता. ००३३ उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या. वर पान, देठ आणि फुटलेल्या कोषाचं टोक. त्याखाली राखाडी. म्हणाल्या, “कोष दिसतोय. तो ठेवा.”

सगळे फोटो आता फोल्डरवार दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, एक संगणकावर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ६१ फोल्डर वेगळेच ठेवले, एकत्र केले नाहीत. प्रत्येक फोल्डरमध्ये ०००१ आहे. एकत्र केले असते तर संगणकानं ‘या नावाची फाइल आहे, बदलायची का’ असं विचारलं असतं, आणि घाईत ‘हो’ दाबलं की जुना फोटो गेला. जुनं कार्ड पुन्हा वापरायचं नाही असं ठरलं.

पुन्हा करायचं झालं तर

केबल शोधण्यातच वेळ घालवला नसता. कार्ड काढता येत असेल तर कार्ड रीडर हाच जवळचा मार्ग: कॅमेऱ्याची बॅटरी, मेनूतली रीत, केबलीतल्या तारा, हे तिन्ही प्रश्न एकदम बाजूला पडतात. केबलच वापरायची असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज हवी, आपोआप बंद होण्याची वेळ वाढवलेली हवी, आणि कॅमेऱ्यात पर्याय असेल तर पीटीपी निवडावी, म्हणजे यादी लिहिण्याचं काम कॅमेऱ्याकडेच राहतं.

कट-पेस्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. याबद्दल मला जराही शंका नाही. त्या दिवशी नुसतं कॉपी केलं असतं, तर बॅटरी गेल्यावर ६०३ प्रती संगणकावर आणि २,१४० मूळ फोटो कार्डावर, एवढंच झालं असतं. वाचताना वीज गेली तर सहसा काही बिघडत नाही. आमचं बिघडलं ते कॉपी करण्यामुळे नाही, पुसण्यामुळे.

रीडर काहीच दाखवत नव्हता तेव्हा आधी रीडर तपासायला हवा होता. त्याच प्रकारचं एक चालणारं कार्ड त्यात घालून पाहायला दोन मिनिटं लागली असती, आणि बाईंची ती पंधरा मिनिटं वाचली असती. माझ्या फोनवरच्या सल्ल्याबद्दल वर लिहिलंच आहे.

सहा वर्षं फोटो एकाच कार्डावर राहिले, याचा दोष मी बाईंना देत नाही. कॅमेरा कधी सांगत नाही की हे एवढ्याच जागी आहे. जागा संपल्यावरच तो बोलतो.

पुढच्या महिन्यात बाईंनी नव्या कार्डावरचे फोटो एकटीनं उतरवले. कळ लॉककडे, कार्ड रीडरमध्ये, फोल्डर कॉपी, मग दोन्हीकडची संख्या आणि एकूण बाइट ताडून पाहणं, मधले चार-पाच फोटो पूर्ण आकारात उघडून बघणं, दुसऱ्या डिस्कवरही तेच. कार्ड रिकामं करायचं ते या सगळ्यानंतर आणि कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “एकशे एकसष्ट. कार्डात चौतीस, इकडे चौतीस, तिकडे चौतीस. आता रिकामं करू का?”

मी विचारलं, उघडून पाहिले का. म्हणाल्या, “चौतीसच्या चौतीस.”